मर्यादेच्या आत

दादाला ज्याने उडवलं, तो मुलगा प्यायलेला नव्हता असं पोलिसांच्या मशिनने सांगितलं. म्हणजे प्यायलेला होता, पण कायद्याला चालेल इतकाच. शंभर मिलिलीटर रक्तात तीस मिलिग्रॅमपर्यंत दारू असली तर माणूस आपल्याकडे शुद्धीवर धरला जातो. मित्राच्या लग्नात तो पहाटेपर्यंत पीत होता, दोनेक तास तिथेच फार्महाऊसवर झोपला आणि उजाडल्यावर स्वतः गाडी चालवत घरी निघाला. अपघातानंतर त्याने आधी काकांना फोन केला, काकांनी वकिलाला केला, आणि मशिनमध्ये फुंकर मारायची वेळ आली तेव्हा दुपार व्हायला आली होती. तोवर रक्तातली बरीच दारू उतरली होती. बेदरकारपणे गाडी चालवल्याचं कलम लागलं. दारूचं लागलं नाही.

दादा तेव्हा मानेसरला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात इंजिनीयर होता. गुडगावला एका खोलीत राहायचा आणि सकाळी कोपऱ्यावर कंपनीच्या बसची वाट बघायचा. त्या दिवशी गाडी फुटपाथवर चढली, बाकीचे बाजूला उड्या मारून वाचले, दादाच्या कानात हेडफोन होता. पाठोपाठ कंपनीची बस आली. ड्रायव्हरने ॲम्ब्युलन्सची वाट पाहिली नाही. दादाला मधल्या वाटेत आडवं घातलं आणि भरलेली बस तशीच हॉस्पिटलमध्ये नेली. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर वाचला नसता. आईने त्या ड्रायव्हरचे दोन्ही हात कपाळाला लावले होते.

वाचला खरा. पण मेंदूला मार बसला होता. उजवा पाय फरपटायला लागला, जीभ जड झाली. हिंदी आणि इंग्रजी डोक्यातून पुसली गेली. तोडकी हिंदी कानावर पडली तर कळायची, बोलता येत नव्हती. उरली मराठी, तीही अशी की आई आणि मी सोडून कोणाला कळू नये. आणि स्वभाव. आधीचा दादा रागावला तरी आवाज चढवायचा नाही. आता भाजी गरम असली की ताट माझ्या अंगावर यायचं. त्याचं लग्न ठरलेलं होतं. ती मुलगी नागपूरहून वडिलांना घेऊन भेटायला आली, त्याच्याजवळ बसली, त्याचा हात हातात घेतला. दादाने तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "जाड झालीस." ती हसली, चहा प्यायली, आणि परत आली नाही. तिच्या वडिलांनी फोनवर फार माफी मागितली. मी त्यांना म्हणाले, "काका, मी तुमच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं." हे ऐकून ते रडायलाच लागले. मला कंटाळा आला, मी फोन ठेवला.

माझी नोकरी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात. दिल्लीत तिमारपूरला क्वार्टर मिळालेलं होतं, तिथे दादाला आणलं, आणि अकोल्याहून आईला. आमच्या घरात पंचशील नुसतं वंदनेपुरतं नव्हतं. पाचव्या शीलाच्या बाबतीत, म्हणजे दारूच्या बाबतीत, आई इतकी कडक की खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं सगळं माझ्याकडून वाचून घ्यायची. दादाने जन्मात थेंब घेतला नव्हता. आणि आता त्याला सकाळी हिंदूराव हॉस्पिटलच्या बाजूला रिजवर, म्हणजे तिथल्या झाडीच्या टेकडीवर, फिरायला नेलं की चालायला आलेले लोक आमच्यापासून लांबून जायचे. एक म्हातारा रोज न चुकता म्हणायचा, "सुबह-सुबह चढ़ा ली?" मी पहिल्यांदा त्याला सगळं समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने तेच विचारलं. त्याला माझं उत्तर नको होतं, विचारण्यातच मजा होती.

मेट्रोच्या दारावर तर ठरलेलंच. तिथला शिपाई दादाला अडवायचा आणि मला सांगायचा, "मैडम, इनको घर ले जाइए. पीकर मेट्रो में अलाउड नहीं है."

एकदा आई सोबत होती. ती मराठीतच म्हणाली, "माझ्या पोरानं आयुष्यात दारू पाहिली नाही रे."

शिपायाला काही कळलं नाही. त्याने वाकून दादाच्या तोंडाचा वास घेतला. मागे रांग थांबली होती, लोक बघत होते. दादाने सकाळी मेथीचा पराठा खाल्ला होता. शिपायाने नाक मुरडलं आणि आम्हाला आत सोडलं. आई त्यानंतर मेट्रोत बसली नाही.

दादाच्या व्यायामाच्या बाईंनी आम्हाला एका संस्थेचं नाव सांगितलं. पिऊन गाडी चालवण्याविरुद्ध काम करणारी छोटीशी संस्था. तिची प्रमुख पन्नाशीची एक बाई होती, सगळे तिला मॅडम म्हणायचे. त्यांची मागणी एकच होती, गाडी चालवणाऱ्याला दारूची मर्यादा शून्य करा. मॅडमनी मला ते फार नीट समजावलं.

"मर्यादा ठेवली की माणूस मोजायला बसतो," त्या हिंदीत म्हणाल्या. "एक पेग चालतो, मग माझ्यासारख्या धडधाकट माणसाला दोन चालतील, जेवण झालंय म्हणजे तीन. शून्य असेल तर मोजायला काही उरतच नाही."

मला ते पटलं. आजही पटतं.

मॅडम कॉलेजांमध्ये, कंपन्यांमध्ये कार्यक्रम करायच्या. दादाला खुर्चीवर बसवायचं, मागे पडद्यावर त्याचे अपघाताआधीचे फोटो, आणि शेवटी दादाने एक वाक्य बोलायचं, 'शराब पीकर गाड़ी मत चलाइए.' ते वाक्य आईने त्याच्याकडून घरी कितीतरी दिवस घोटून घेतलं. त्याला हिंदीतलं तेवढंच येत होतं.

पहिल्या कॉलेजात दादा ते वाक्य बोलला आणि मुलं हसली. हसणार नाहीत तर काय. दारू पिऊ नका असं सांगणारा माणूस अगदी दारू प्यायल्यासारखा बोलत होता. मागच्या रांगेतून एकाने हुबेहूब नक्कल केली. मग सगळा हॉल हसला. दादाला वाटलं आपण आवडलो. त्याने वाक्य पुन्हा म्हटलं. पुन्हा हसले. त्याने तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा मी जाऊन माईक बाजूला केला. तर दादाने मला कोपराने ढकललं, सगळ्यांसमोर.

मॅडम गाडीत म्हणाल्या, "हसू दे त्यांना. घरी गेल्यावर आठवेल."

दादा मात्र खूश होता. पुढचा कार्यक्रम कधी, हे तो मला रोज विचारायचा.

मग दादाला उडवणारा तो मुलगा आला. संस्थेत स्वतःहून आला. सव्वीस-सत्तावीसचा असेल, पांढरा शर्ट, बोलणं अतिशय स्वच्छ. मॅडमनी त्याला आमच्या घरी आणलं. त्याने आईच्या पायांवर डोकं ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. आई त्याच्या केसांकडे बघत उभी होती. मला वाटलं ती लाथ मारेल. ती म्हणाली, "जेवला का रे तू?"

मी त्याला व्हरांड्यात नेलं आणि विचारलं, "वकिलाने पाठवलं ना?"

"हो," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी वकिलांनीच सांगितलं म्हणून गेलो. कोर्टात बरं दिसेल म्हणाले. दीदी, आता मी माझ्या मनाने येतोय."

खोटं बोलला असता तर मला सोपं गेलं असतं.

तो दर रविवारी यायला लागला. दादासाठी पेस्ट्री आणायचा, त्याच्याशी कॅरम खेळायचा. दादाच्या बोटांनी स्ट्रायकर धड ढकलला जायचा नाही, मग दादा सोंगटी हाताने उचलून सरळ भोकात टाकायचा. मुलगा म्हणायचा, "बढ़िया शॉट, भैया." दादाला बाथरूमला लागली की तोच धरून न्यायचा. माझ्या अंगावर ताट फेकणारा दादा त्याच्या हातून दूधभात खायचा, तोंड उघडून, शहाण्यासारखा. आई त्याला 'माझा दिल्लीचा पोट्टा' म्हणायला लागली. रविवारी सकाळी दादा मला खिडकीपाशी उभं राहू द्यायचा नाही, कारण मी उभी राहिले की त्याला रस्ता दिसायचा नाही.

आणि तो स्टेजवर बोलायचा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हॉलमध्ये तीन-चारशे मुलं असतील. तो माईकपाशी गेला. मग म्हणाला, "मैं लिमिट के अंदर था. मशीन ने मुझे पास कर दिया था." आणि हाताने खुर्चीवरच्या दादाकडे दाखवलं. कोणी हसलं नाही. त्याने सगळं सांगितलं. झोप झाली म्हणजे दारू उतरली असं त्याला वाटलं होतं, गाडी सरळ चालतेय असं वाटत होतं, गाडी फुटपाथवर कधी चढली हे त्याला आजही आठवत नाही. बोलता बोलता तो रडला. समोर मुली रडल्या, मुलंही रडली. कार्यक्रम संपल्यावर सगळे त्याच्याभोवती जमले, त्याच्यासोबत फोटो काढून घेतले. एका मुलीने तिथल्या तिथे वडिलांना फोन लावून सांगितलं की आज पार्टीला गाडी नेऊ नका. दादा खुर्चीवर तसाच बसलेला. त्याचं वाक्य बोलायचं राहून गेलं होतं. त्याला कोणी सांगितलंच नाही.

त्यानंतर दादाचं वाक्य कार्यक्रमातून गेलं. मॅडम म्हणाल्या, "लोकांना त्याचं बोलणं कळत नाही. त्याने नुसतं बसावं."

याच सुमारास मॅडम आणि तो मुलगा मानेसरच्या त्या कारखान्यात बोलून आले, आणि तिथल्या साहेबांनी नियम केला. बसच्या ड्रायव्हरांनी रोज सकाळी गेटवर मशिनमध्ये फुंकायचं. शून्याच्या वर काहीही आलं की नोकरी संपली. मॅडमनी ही बातमी पेढे देऊन सांगितली. संस्थेचं हे पहिलंच मोठं यश होतं.

काही आठवड्यांनी एका रविवारी दुपारी दादाला उचलून नेणारा तो बसचा ड्रायव्हर आमच्या दारात आला. कपडे इस्त्रीचे होते, तोंड उतरलेलं. घरात कॅरमचा डाव चालू होता. त्याने उभ्याउभ्याच सांगितलं की मशिनमध्ये आलं. थोडंसंच आलं. पण काढून टाकलं.

मी विचारलं, "प्यायला होतात?"

"रात को, मैडम. भतीजे की शादी थी. सुबह तो बिल्कुल ठीक था."

तुम्ही एक शब्द टाका, असं तो म्हणत होता. तुमची तिथे ओळख आहे, तुमच्या भावासाठी मी काय केलं ते त्यांना माहीत आहे. कॅरमच्या पलीकडून तो मुलगा ऐकत होता. त्याने स्ट्रायकर खाली ठेवला आणि अगदी हळू, आदराने म्हणाला, "अंकल, रूल तो रूल है."

ड्रायव्हरने त्याच्याकडे पाहिलं. हा कोण, हे त्याला माहीत नव्हतं, निदान चेहऱ्यावर तसं दिसलं नाही. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणाले, "बसमध्ये चाळीस माणसं असतात. मी शब्द टाकणार नाही."

 त्याने कॅरमपाशी जाऊन दादाच्या डोक्यावर हात ठेवला. दादाने मान झटकली, कारण त्याची खेळायची पाळी होती. आई आतून चहा घेऊन आली तोवर तो जिना उतरून गेला होता.

मुलगा मला म्हणाला, "दीदी, आपने सही किया."

बरोबरच केलं होतं. त्याने बरोबर म्हणावं, ते मात्र मला सहन झालं नाही. मी आत जाऊन भांडी घासली. घासलेली पुन्हा घासली.

मग मोठा कार्यक्रम ठरला. दिल्लीतल्या एका मोठ्या सभागृहात, पुष्कळ कंपन्यांची माणसं, वरचे अधिकारी, कॅमेरे. मॅडमना वाटत होतं की इथे नीट झालं तर मर्यादेची मागणी वरपर्यंत जाईल. या वेळी दादा आणि तो मुलगा, दोघांनी स्टेजवर शेजारी बसायचं होतं. आईने हट्ट धरला म्हणून आम्ही करोल बागला जाऊन दादासाठी निळा कोट आणि फिकट पिवळट पँट घेतली. दादाने कोट घालून आरशासमोर आपलं जुनं वाक्य म्हणून पाहिलं.

सभागृहात मी आणि आई तिसऱ्या रांगेत होतो. तो मुलगा बोलायला लागला. मी ते भाषण इतक्यांदा ऐकलं होतं की कुठे थांबतो, कुठे आवाज फुटतो, मला पाठ होतं. सगळं रोजच्यासारखं चाललं होतं. मग दादा खुर्चीत हलायला लागला. मला लगेच कळलं. त्याने मुलाची बाही ओढली आणि म्हणाला, "मुतायला जायचंय."

माईक जवळ होता. आवाज सगळीकडे गेला. शब्द कोणाला कळले नाहीत. मुलगा थांबला. दादा पुन्हा म्हणाला, "मला मुतायला जायचंय रे."

मुलगा त्याच्यासमोर गुडघे टेकून बसला, त्याचा हात धरला, कान त्याच्या तोंडाशी नेला.  मग त्याने माईक तोंडाशी घेतला.

"भैया कह रहे हैं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला. "कह रहे हैं, मैंने तुझे माफ़ किया."

सगळं सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. माझ्या पुढच्या रांगेतली एक बाई डोळे पुसत शेजारणीला म्हणाली की असं मन सगळ्यांना का देत नाही देव. दादा तिसऱ्यांदा म्हणाला, आता ओरडून, आणि टाळ्या आणखी वाढल्या. मी उठून स्टेजच्या पायऱ्यांपर्यंत गेले. गळ्यात कार्ड घातलेल्या एका मुलीने मला हात आडवा करून अडवलं.

"मैडम, अभी नहीं. मोमेंट चल रहा है."

फिकट पँटवर डाग मांडीपासून खाली उतरत होता. दादा डागाकडे बघत होता. मुलगा अजून गुडघ्यांवर होता, हात धरून, आणि त्याचे गुडघे ओले होत होते. तो हलला नाही. तेवढं मी पाहिलं.

मागच्या खोलीत मी दादाला टॉवेल गुंडाळला. मुलगा दाराशी उभा होता.

"तुला कळलं होतं तो काय म्हणाला," मी म्हणाले. "दर रविवारी ऐकतोस."

"कळलं होतं." त्याने नाकारलं नाही. "दीदी, मी काय करायला हवं होतं? ते सांगितलं असतं तर लोक हसले असते. भैयावर लोक हसलेले मी पाहिलेत. आज कोणी हसलं नाही."

"आणि माफ केल्याचं?"

"केलंच आहे ना त्यांनी? माझ्या हातचं जेवतात. खोटं काय सांगितलं मी?"

मी दादाकडे वळले. "दादा, तू याला माफ केलंस का?"

दादाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. त्याला थंडी वाजत होती. "कशाबद्दल?" तो म्हणाला.

मी मुलाला त्याचं हिंदी करून सांगितलं नाही. गरज नव्हती. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. या वेळी तो रडला नाही, आणि बघायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

संस्थेने त्या प्रसंगाचा व्हिडिओ टाकला, दोघांच्या कमरेच्या वरचा. तो फार पाहिला गेला. बऱ्याच कंपन्यांनी मॅडमना बोलावलं, आपल्या ड्रायव्हरांना शून्याचा नियम लावला. मी दादाला परत पाठवणार नाही असं मॅडमना कळवलं. त्या म्हणाल्या की मी माझ्या अपमानापुढे लोकांचे जीव बघत नाही. मग त्यांनी कळवलं की दादाची तशी गरजही नाही, व्हिडिओ आहे.

घरी दादाने माझ्या मनगटाचा चावा घेतला, रक्त येईपर्यंत. मुलाला रविवारी येऊ नकोस म्हणून मीच सांगितलं होतं. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुझ्याच्यानं त्याचं सुख पाहवत नाही." मग ती त्याला घेऊन अकोल्याला गेली. तिथे विहारात सगळ्यांना सांगते की दिल्लीत तिचा आणखी एक मुलगा आहे, तो रोज फोन करतो. रोज नाही, पण करतो. मी फोन केला की दादा आवाज ओळखतो आणि म्हणतो, "तू नको. त्याला दे."

केस अजून चालू आहे. तारखा पडतात, मी रजा टाकून जाते. तो आधीच येऊन बसलेला असतो. कोर्टातून त्याला पुढे कुठल्यातरी कंपनीत बोलायला जायचं असतं, म्हणून पांढरा शर्ट घातलेला असतो. त्याचं ऐकून माणसं गाडी ठेवून टॅक्सीने घरी जातात, असं मॅडम सांगतात, आणि मला ते खरं वाटतं. मला पाहिलं की तो बाकावर सरकून जागा करतो. मी उभी राहते.